हिवाळ्यातला सोलर प्लांट: ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात धुणं, मोजणं आणि राखण

पावसाळ्यात सोलर प्लांटकडे सगळ्यांचं लक्ष असतं. वारा सुटला की स्ट्रक्चर हलतंय का बघायला कुणीतरी गच्चीवर धावतं, जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलं का म्हणून इलेक्ट्रिशियनला फोन जातो. मुंबई परिसरातून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. ती उलटली की सोसायटीच्या कमिटीपासून कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांपर्यंत सगळे निर्धास्त होतात. 'आता काय, ऊनच ऊन आहे, चालतंय ते चालू द्या.'

पण आपल्याकडे प्लांटची खरी गळती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते आणि ती अजिबात आवाज करत नाही. काचेवर धूळ चढत जाते आणि ती धुवायला पाऊस येत नाही. सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात. रात्र मोठी होते आणि केबल कापणाऱ्याला निवांत वेळ मिळतो. हवा थंड असल्यामुळे पॅनल मात्र उत्तम चालत असतात, त्यामुळे रोजचा आकडा 'बरा' दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

परदेशातल्या हिवाळी मार्गदर्शिका वाचल्या तर बर्फ कसा काढायचा याचीच पानं भरलेली असतात. त्या आपल्या काही कामाच्या नाहीत. खाली लिहिलंय ते तीन प्रकारच्या प्लांटसाठी: ठाणे, वाशी, खारघरच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवरचे, दिघा ते तुर्भे पट्ट्यातल्या एमआयडीसी शेडवरचे, आणि शहापूर-मुरबाडकडे जमिनीवर असतात तसे. तिघांनाही लागू असलेली एक गोष्ट आधीच सांगतो. हिवाळ्यात प्रत्येक कामाला दिवसातली ठरलेली वेळ असते. धुणं सकाळी लवकर, मोजमाप दुपारी, राखण रात्री. वेळ चुकली तर धुण्याने पॅनल तडकतात आणि मोजमापाचे आकडे फसवतात.

पहिलं काम: प्लांट स्वच्छ असताना आकडा लिहून ठेवा

दिवाळीच्या आसपास एकदा सगळा प्लांट नीट धुऊन घ्या आणि त्यानंतरच्या दोन-तीन निरभ्र दिवसांचं उत्पादन वहीत लिहा. ॲपवर असतंच, तरी वहीत लिहा, कारण ॲपचा लॉगिन ज्याच्याकडे असतो तो माणूस बदलतो. प्रत्येक स्ट्रिंगचा, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेचा, दुपारी साडेबाराच्या सुमाराचा करंट सोबत नोंदवा. सोलरचा मध्यान्ह आपल्याकडे घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि ठाणं साधारण त्र्याहत्तरवर. म्हणून डिसेंबरच्या शेवटी सूर्य सगळ्यात वर येतो तो १२ वाजून ३५-४० मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच वेळ १२:२० च्या आसपास असते आणि फेब्रुवारीच्या मध्यात पाऊणच्याही पुढे जाते. 'गेल्या महिन्यात १२ ला इतके किलोवॅट होते, आता कमी का' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

ढोबळ हिशोब असा: एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट. १०० किलोवॅटच्या प्लांटने स्वच्छ दिवशी ४०० च्या आसपास द्यायला हवेत. दिशा, उतार, सावली यांप्रमाणे थोडं कमीजास्त होईल. पण तुमचा स्वच्छ दिवसाचा आकडा एकदा कळला की पुढचे चार महिने तोच तुमचा गज.

थंडीचा फायदाही या आकड्यात दिसतो. आजच्या बहुतेक मोनो पॅनलची क्षमता दर अंश तापमानामागे साधारण ०.३५ टक्का घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६५ अंशांना पोचलेलं असतं, जानेवारीत ते ४५ ला असेल, तर २० अंशांच्या फरकाचे ७ टक्के तुम्हाला फुकट मिळतात. नेमके हेच ७ टक्के धूळ खाऊन टाकते आणि बेरीज जिथल्या तिथे राहते. म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

धूळ: कुठून येते आणि कुठे बसते

घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, उलव्याकडे विमानतळाभोवती उठणाऱ्या इमारती, शीळफाट्यावरून जाणारे डंपर, टीटीसी, म्हणजे याच दिघा-तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या चिमण्या. शिवाय थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर-धूळ वर उठून पांगत नाही. खाडीवर सकाळी जो करडा थर दिसतो तोच रात्रभर तुमच्या काचेवर उतरत असतो.

कोरडी धूळ एकवेळ वाऱ्याने उडेल. आपल्याकडे त्रास देतं ते दव. पहाटे पॅनलवर दव धरतं, धुळीचा पातळ चिखल होतो, तो उतारावरून ओघळत खालच्या फ्रेमच्या काठाशी येऊन थांबतो आणि ऊन चढलं की तिथेच वाळतो. जानेवारीत कुठल्याही न धुतलेल्या पॅनलच्या खालच्या काठावरून बोट फिरवा. वरची काच फक्त धुरकट असते, पण खाली बोटभर रुंदीची करडी पट्टी, नखाने खरवडल्याशिवाय न निघणारी. ही पट्टी दिसते त्यापेक्षा बरीच महाग पडते. पॅनलमधल्या सेल एकामागे एक जोडलेल्या असतात आणि त्यांचे तीन गट असतात. पॅनल उभं बसवलेलं असेल तर सगळ्यात खालची ओळ तिन्ही गटांना लागते, म्हणजे दोन इंचांची पट्टी सगळ्या पॅनलचा करंट ओढून खाली आणते. हाफ-कट पॅनलमध्ये, म्हणजे वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा जोडलेला असतो अशात, निदान वरचा अर्धा भाग वाचतो. आडवं बसवलेलं असेल तर बहुधा एकाच गटाला फटका बसतो. तेव्हा वेळ आणि पाणी कमी असेल तर निदान खालचा काठ धुवा. वरची काच चकचकीत आणि कडेला चिखल, असं धुतलेलं पॅनल म्हणजे धुणाऱ्याने फक्त फोटोपुरतं काम केलंय.

कोपऱ्यातला चिखल बाहेर जावा म्हणून फ्रेमवर लावायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपा मिळतात. दहा अंशांपेक्षा कमी उतार असलेल्या एमआयडीसीच्या पत्र्यांवर त्या जरूर लावा, तिथे पाणी आपणहून वाहतच नाही.

धुवायचं कसं

सूर्योदय डिसेंबर-जानेवारीत सातच्या थोडा पुढे. धुणं उजाडल्यावर सुरू करून साडेआठ-नऊपर्यंत संपवा. दव असतंच, त्यामुळे धूळ आधीच भिजलेली असते, पाणी कमी लागतं. काच तापल्यावर गार पाणी मारलं तर तडा जाण्याची भीती, आणि उन्हात पाणी जागच्या जागी वाळून डाग धरतं. संध्याकाळी धुतलं तर ओल्या काचेवर रात्रीची धूळ चिकटते, म्हणून ते टाळाच.

एका पॅनलला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. ५४० वॅटची पॅनल असतील तर १०० किलोवॅटला साधारण १८५ पॅनल, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या आत काम होतं. त्यासाठी टँकर मागवणारे पाहिलेत, त्याची काही गरज नसते. पाणी कुठलं, हा प्रश्न महत्त्वाचा. पालिकेचं नळाचं पाणी आपल्याकडे मऊ आहे, ते उत्तम. खाडीलगतच्या घणसोली, कोपरखैरणे भागात बोअरचं पाणी मचूळ निघू शकतं. ते वाळलं की काचेवर पांढरा थर बसतो आणि दोन-तीन हिवाळ्यांत तो कायमचा होतो. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं) पाणी आणि आरओमधून फेकलेलं पाणी, दोन्ही याच कारणाने नको. पाण्यातले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. आकडा दोनशेच्या आत असेल तर निश्चिंत राहा. जास्त असेल तर शेवटचा हात वायपरने ओढून काच कोरडी करा.

लांब दांडीचा मऊ नायलॉनचा ब्रश, एवढंच हत्यार. प्रेशर वॉशर नको, त्याने कडेचं सील सुटतं. तारेची घासणी, ॲसिड, भांड्यांची पावडर यांतलं काही नको. कारखान्याच्या किंवा हॉटेलच्या चिमणीजवळ तेलकट थर बसतो, तिथे सौम्य लिक्विड सोप थोडा चालेल, पण नंतर भरपूर पाण्याने काढा. पारव्यांची विष्ठा पत्तीने खरवडू नका. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून मग पुसा. ती मात्र तशीच सोडू नका. तिच्याखालची सेल तापून काळी पडते.

आणि पॅनलवर पाय ठेवायचा नाही. धुणारी पोरं सवयीने मधल्या फ्रेमवर पाय टाकून पलीकडे जातात. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसासारखी चीर जाते, जी सहा महिन्यांनी उत्पादनात दिसते आणि तेव्हा कुणाचाही पाय आठवत नाही. दवाने पत्रा आणि काच दोन्ही निसरडी असतात. म्हणून कठड्याजवळ किंवा शेडवर काम असेल तर हार्नेस आणि बांधलेली दोरी हवीच. 'रोजचंच आहे साहेब' हे उत्तर ऐकून घेऊ नका, काम थांबवा.

धुण्याआधी पलीकडच्या कडेला जाऊन तुटकी काच, उघडी पडलेली केबल बघा. तडकलेल्या पॅनलवर पाणी मारू नये, फ्रेममध्ये वीज उतरू शकते.

किती दिवसांनी धुवायचं

'महिन्यातून दोनदा' असं करारात छापलेलं असतं, पण प्रत्येक गच्चीची धूळ वेगळी. सोपी चाचणी करा. शेजारशेजारच्या, सारख्या दिशेच्या दोन स्ट्रिंग निवडा. एक दर आठवड्याला धुवा, दुसरी तशीच ठेवा. दर आठवड्याला, धुण्याच्या आदल्या दुपारी, साडेबाराला क्लॅम्प मीटरने (केबलभोवती पकडून करंट मोजणाऱ्या) दोन्हींचा करंट घ्या. फरक किती टक्क्यांनी वाढतो ते तुमच्या जागेचा धुळीचा वेग.

मग हिशोब. समजा १०० किलोवॅटचा प्लांट, रोज ४०० युनिट, युनिटमागे १० रुपये वाचतात, आणि धुळीने रोज ०.४ टक्के जास्तीचं नुकसान होतंय. म्हणजे पहिल्या दिवशी १६ रुपये, दुसऱ्या दिवशी ३२, तिसऱ्या दिवशी ४८. ही बेरीज करत जा. धुण्याचा खर्च २,५०० रुपये असेल, तर ही साचलेली बेरीज जिथे २,५०० ला पोचते तिथे धुवायचं. या उदाहरणात तो दिवस सतराव्या-अठराव्याच्या आसपास येतो. नियम कुठल्याही आकड्यांना चालतो: साचलेलं नुकसान धुण्याच्या खर्चाएवढं झालं की धुवा. त्याआधी धुणं उधळपट्टी, त्यानंतर धुणं आळस. घराच्या ३ किलोवॅटसाठी माणूस लावला तर हा हिशोब क्वचितच बसतो. तिथे स्वतः बादली-ब्रश घ्या.

सावली: डिसेंबरमध्ये गच्ची वेगळीच असते

ठाण्याचा अक्षांश साधारण १९.२ अंश. २१-२२ डिसेंबरला भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो. तीन मीटर उंचीच्या टाकीची सावली त्या वेळी उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास वायव्येला साडेपाच मीटर. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेला जाते. तेव्हा मे महिन्यात गच्ची पाहून 'इथे सावली नाही' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला ती दिसलीच नाही.

म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळी नऊ ते दुपारी चार, दर तासाला गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून फोटो घ्या. टाकी, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या, कपड्यांच्या तारा, मोबाइल टॉवर, आणि गेल्या वर्षात शेजारी उठलेली नवी इमारत. साडेनऊ ते साडेतीन या वेळात ज्या पॅनलवर सावली येते ती खडूने खुणावून घ्या. हा शोध वर्षातून याच दिवसांत लागतो.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. छत्र्या आणि तारा हलवता येतात. सावलीतली पॅनल वेगवेगळ्या स्ट्रिंगमध्ये विखुरलेली असतील तर ती सगळी एकाच स्ट्रिंगमध्ये आणा, म्हणजे एकच स्ट्रिंग मार खाईल. मग ऑप्टिमायझरचा, म्हणजे सावलीचं नुकसान त्या-त्या पॅनलपुरतंच ठेवणाऱ्या डबीचा, विचार. टाकीजवळची चार पॅनल सरळ काढून दुसरीकडे लावणं हे कधी कधी सगळ्यांत शहाणपणाचं असतं, पण 'क्षमता कमी होईल' म्हणून कमिटीला ते पटत नाही.

एक सावधगिरी: पॅनल हलवताना एखाद्या स्ट्रिंगमध्ये दोन जास्तीची जोडायचा मोह होतो. थंडीत व्होल्टेज चढतं. ४९.५ व्होल्टची २० पॅनल म्हणजे २५ अंशांना ९९० व्होल्ट. मुरबाड-शहापूरकडे कडाक्याच्या पहाटे पारा १० च्या आसपास उतरला, तर दर अंशाला ०.२७ टक्क्यांप्रमाणे तेच १,०३० वर जातं. इन्व्हर्टरची (पॅनलच्या डीसी विजेची एसी करणाऱ्या यंत्राची) मर्यादा १,००० ची असेल तर सकाळी सूर्य वर येताक्षणी तो ट्रिप होईल किंवा जळेल, आणि वॉरंटीवाला लॉग उघडून हात वर करेल. बदल करण्याआधी इन्व्हर्टरच्या पाटीवरचा कमाल डीसी व्होल्टेजचा आकडा वाचा.

'सकाळी बंद, दहाला आपोआप चालू'

हिवाळ्यातली ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. इन्व्हर्टरवर आयसोलेशनचा किंवा इन्सुलेशन कमी असल्याचा एरर, आणि नऊ-दहाला तो आपसूक जातो. वॉचमन सांगतो, 'होतं चालू नंतर.' म्हणून कुणी बघत नाही. कारण बहुतेक वेळा दव असतं. कुठेतरी कनेक्टर पत्र्याच्या पन्हळीत पडलेला असतो किंवा केबलचं आवरण घासून उघडं पडलेलं असतं. पहाटे तिथे ओल धरते, वीज फ्रेमकडे झिरपते, इन्व्हर्टर शहाणा असतो म्हणून सुरू होत नाही. ऊन चढलं, ओल गेली, चालू. रोजचे दोन तास जातात हे एक. आणि तीच जागा पुढे पावसात ठिणगी टाकते हे दुसरं.

शोधायचं ते एरर असतानाच, म्हणजे सकाळी साडेसात-आठला. दुपारी आलेल्या टेक्निशियनला काहीही सापडणार नाही. क्रम असा:

१. आधी एसी ब्रेकर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद. चालू करंटमध्ये कनेक्टर कधीही ओढू नका. डीसीचा आर्क एसीसारखा आपणहून विझत नाही.
२. क्लॅम्प मीटरने करंट शून्य असल्याची खात्री करून सगळ्या स्ट्रिंग सोडवा.
३. एकेक स्ट्रिंगला मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. एक मेगोहमपेक्षा कमी दाखवेल ती दोषी.
४. त्या स्ट्रिंगच्या मधोमध तोडून पुन्हा मोजा. अर्धी स्ट्रिंग सुटली. असं करत दोन-तीन पॅनलपर्यंत पोचता येतं.
५. तिथले कनेक्टर उचलून रेलला बांधा. वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसवलेले असतील तर दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या करून घ्या; दिसायला बसतात, आतून तापतात.

हे काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनचं, रबरी हातमोजे घालून. सेक्रेटरींनी फक्त त्याला सकाळी साडेसातला हजर ठेवायचं.

याच महिन्यात अर्थिंगही मोजून घ्या. जमीन वाळत जाते तसा अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात मोजलेला सुंदर आकडा जानेवारीत खरा नसतो. साधारण पाच ओहमच्या आत हवा. खड्ड्यात पाणी घालणं हे काम माळ्याला लावून दिलं तर ते होतं, नाहीतर राहतं. थर्मल कॅमेऱ्याची पाहणीही थंडीच्या निरभ्र दुपारीच करून घ्यावी. ऊन ६०० वॅट प्रति चौरस मीटरपेक्षा जास्त हवं, म्हणजे अकरा ते दोन. सकाळी आठला काढलेले थर्मल फोटो जोडून कुणी रिपोर्ट दिला तर पैसे देऊ नका.

जमिनीवरचा प्लांट: गवत, वणवा, जनावरं

शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं. ऑक्टोबरअखेर ते हिरवं असताना कापायचं. डिसेंबरमध्ये वाळलेलं कापून तिथेच टाकलं तर तुम्ही पॅनलखाली सरपण रचताय. ओळींच्या मधे मशीन चालेल, पण पॅनलच्या खाली आणि जवळ विळाच. मशीनच्या पात्याने उडालेला खडा मागची काच फोडतो, आणि मागची काच कुणी बघत नाही.

कुंपणाच्या आत आणि बाहेर चार-पाच मीटर रुंदीची जाळरेषा मोकळी करून घ्या, वनखातं काढतं तशी, आणि मार्चपर्यंत ती दर महिन्याला साफ ठेवा. फेब्रुवारीपासून भातशेतीच्या राबासाठी पालापाचोळा जाळायला सुरुवात होते. ती इथली शेतीची जुनी रीत आहे, तिला अडवायला जाऊ नका. शेजारच्या शेतकरीदादांना भेटून एवढंच सांगा: 'राब भाजायचा त्या दिवशी सकाळी एक फोन करा, आमची दोन माणसं पाणी घेऊन बांधावर उभी राहतील.' हा एक फोन कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि त्याच ओळखीचा उपयोग चोरीच्या वेळीही होतो.

मेंढ्या गवत चरायला चांगल्या. बकऱ्या नकोत: त्या पॅनलवर चढतात आणि केबल चघळतात. येऊरच्या कडेच्या आणि घोडबंदरच्या गच्च्यांवर माकडांचा प्रश्न वेगळाच. ती केबल ओढतात. तिथे मोकळी केबल पाइपात घालण्याला पर्याय नाही.

आग लागलीच तर दिवसा पॅनल 'बंद' करता येत नाही, ऊन आहे तोवर वीज आहेच. चालू डीसीजवळ पाण्याची बादली नको. सीओटू किंवा पावडरचं एक्स्टिंग्विशर इन्व्हर्टरच्या खोलीबाहेर लावा, आत नाही. डीसी आयसोलेटर कुठे आहे त्याचा नकाशा गेटवर लावा. १०१ वरून आलेल्या जवानांना तो पहिल्यांदा लागतो.

रात्र तेरा तासांची

डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे तेरा तास प्लांट निर्जीव. तांब्याच्या केबलच्या चोराला हेच हवं असतं: दिवसा ९०० व्होल्टची केबल कापली तर हात जळेल, रात्री तिच्यात काहीच नसतं. आणि रात्री करंट शून्य असणं हे नेहमीचंच, त्यामुळे उत्पादनाची नोंद ठेवणारा डेटा लॉगर गप्प बसतो.

पहिला बचाव म्हणजे केबल हाती न लागू देणं. उघड्या ट्रेमधून जाणारी मुख्य केबल जमिनीत एचडीपीईच्या (टणक प्लॅस्टिकच्या) पाइपातून न्या, वर वाळू आणि विटा, आणि ओढायच्या चेंबरची झाकणं सिमेंटने बंद. कॉम्बायनरपासून (सगळ्या स्ट्रिंगच्या केबल एकत्र येतात त्या डब्यापासून) पुढची केबल नव्याने टाकायची असेल तर ॲल्युमिनियमची घ्या. जाड लागते, पण भंगारात तिला तांब्यापेक्षा फार कमी भाव. पॅनलच्या क्लॅम्पना डोकं तुटणारे बोल्ट (आवळल्यावर डोकं तुटतं, मग पान्याने सुटत नाहीत) बसवा, निदान बाहेरच्या ओळींना.

दुसरा बचाव म्हणजे रात्रीही काहीतरी 'चालू' ठेवणं. एक बारीक तार सगळ्या ओळींच्या फ्रेममधून ओवून बॅटरीवरच्या रिलेला जोडली, तर कुठेही कापताच भोंगा वाजतो. स्थानिक इलेक्ट्रिशियन ते करून देतो. त्याला सिमवर फोन लावणारं यंत्र जोडलं तर उत्तम.

कॅमेऱ्यांबद्दल. नोव्हेंबरात कोळी इन्फ्रारेडच्या उबेला येऊन भिंगासमोर जाळं विणतो, पहाटे त्यावर दव बसतं, आणि रात्रीचं सगळं फुटेज पांढरं. आठवड्यातून एकदा कापडाने पुसणं हे वॉचमनच्या कामाच्या यादीत लिहा. डोमपेक्षा टोपी असलेले बुलेट कॅमेरे दवात चांगले. कॅमेऱ्याची वीज प्लांटच्याच फ्यूजवर असेल तर चोर आधी तो काढतो. वेगळी बॅटरी हवी. रेकॉर्डर गेटवरच्या केबिनमध्ये ठेवू नका, तो आधी जातो. आणि महिन्यातून एकदा आपल्याच माणसाला रात्री दोन वाजता कुंपणालगत फिरायला लावा. सकाळी फुटेजमध्ये तो ओळखू आला नाही, तर चोरही ओळखू येणार नाही.

वॉचमनच्या पाळ्या आठ ते आठ असतात, पण अंधार साडेसहालाच पडतो. दिवसाचा माणूस निघायच्या घाईत आणि रात्रीचा अजून वाटेत, हा तास सांभाळा. पाळी सहाला बदला. रात्रीच्या माणसाला बसायला बंद खोली, चहाचं सामान आणि चांगली टॉर्च द्या. थंडीत उघड्यावर बसवलेला काका शेकोटी पेटवणारच, आणि ती वाळक्या गवतात.

इन्व्हर्टरवर एक अलर्ट जरूर लावून घ्या: सकाळी साडेनऊला कुठल्याही स्ट्रिंगचा करंट शेजारणीच्या निम्म्याहून कमी असेल तर मेसेज. चोरी, तुटलेला कनेक्टर, उडालेला फ्यूज, तिन्ही याच एका अलर्टने कळतात.

चोरी झालीच, तर सकाळी धावत जाऊन कापलेल्या टोकांना हात लावू नका. रात्री ती मेलेली होती, उजाडल्यावर प्रत्येक टोकावर शेकडो व्होल्ट लोंबकळत असतात. चोरीतली दुखापत बहुतेक वेळा चोराला होत नाही, सकाळी टोकं गोळा करणाऱ्या आपल्याच माणसाला होते. आधी डीसी आयसोलेटर बंद करा, हातमोजे घालून टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा, फोटो घ्या, ११२ ला कळवा. पंचनामा होईपर्यंत बाकी काही हलवू नका. विमा कंपनी एफआयआर, पंचनामा आणि पॅनलचे सीरियल नंबर मागते. ते नंबर पॅनलच्या मागे असतात आणि चोरीला गेलेल्या पॅनलच्या मागे जाऊन वाचता येत नाहीत. यादी आजच करा. पॉलिसीतली राखणीची अटही वाचा. 'चोवीस तास वॉचमन' असं लिहिलेलं असेल आणि हजेरीपटावर रविवारी रात्र रिकामी असेल, तर दावा तिथेच अडतो.

दिवाळी आणि संक्रांत

दिवाळीआधी गच्चीवरचा पालापाचोळा, जुने कार्टन, पॅनलखालची पारव्यांची घरटी काढा. रॉकेट तिथेच येऊन विझतात, किंवा विझत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारूची राख धुऊन टाका. १४ जानेवारीला पतंगवाल्या पोरांसाठी गच्ची बंद ठेवायचं ठरवलं तर भांडणं होतात. त्यापेक्षा प्लांटच्या बाजूला दोरी बांधून दुसरी बाजू मोकळी द्या आणि एक मोठं माणूस उभं करा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो गच्चीवर सापडतोच. केबलभोवती गुंतलेला मांजा ओढू नका, कात्रीने कापून काढा.

चावी कुणाकडे

इन्व्हर्टरचं इंटरनेट हेही एक दार आहे. डब्याच्या स्टिकरवरचा पासवर्ड तसाच असतो, ॲडमिन खातं बसवून देणाऱ्याच्या नावावर, आणि सोसायटीचा लॉगिन व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेला. ज्याच्याकडे ॲडमिन आहे तो प्लांट दूरवरून बंद करू शकतो. देखभालीच्या कराराचं भांडण झालं की हे आठवतं. मालकीचं खातं सोसायटीच्या किंवा कंपनीच्या ईमेलवर घ्या, ठेकेदाराला फक्त बघण्यापुरता आणि दुरुस्तीपुरता प्रवेश द्या, पासवर्ड बदला, आणि कमिटी बदलली की पुन्हा बदला. वायफाय सदस्यांच्या वायफायपेक्षा वेगळं ठेवा.

फेब्रुवारीअखेर महावितरणचं बिल आणि इन्व्हर्टरची नोंद शेजारी ठेवून तपासा. निर्यात झालेली युनिट बिलात पूर्ण आली आहेत का, ते मीटरच्या फोटोशी ताडून बघा. नेट मीटरिंगचा हिशोब आर्थिक वर्षाचा असल्यामुळे तक्रार करायची ती ३१ मार्चच्या आधी, लेखी, आणि पोच घेऊन.